पेटीत ४१०, मोटरीपाशी ३७२: मधले व्होल्ट गेले कुठे?

पंचगंगेच्या काठावर पाच एचपीची मोनोब्लॉक मोटर चालू आहे. मीटरची पेटी वर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका अशी पातळी असलेल्या नदीकाठी पेटी खाली ठेवून चालतच नाही, त्यामुळे पेटी आणि मोटर यांच्यात चारशे मीटर केबल पडलेली. पेटीत दोन फेजमध्ये ४१० व्होल्ट मिळतात. खाली मोटरीच्या टर्मिनलवर मोजलं तर ३७२. प्रत्येक फेजला करंट ८.४ अँपिअर.

या तीन आकड्यांवरून केबलचा रोध (करंटला होणारा अडथळा) किती, केबल नुसती तापण्यात किती वॅट घालवते, मोटर प्रत्यक्षात किती पॉवर ओढते आणि मध्ये एखादा कुजका जोड लपलाय का, हे सगळं कागदावर काढता येतं. मोटर उघडावी लागत नाही, केबल उकरावी लागत नाही. अट एकच: व्होल्टेज आणि करंट दोन्ही लोड चालू असताना मोजायचे. मोटर बंद असताना खालीही ४१० च दिसतील, कारण करंट नाही तर केबलमध्ये व्होल्ट पडायचा प्रश्नच येत नाही. "लाईट फुल्ल आहे की, मीटरवर दाखवतंय" असं म्हणून मोटरीलाच दोष दिला जातो, तो बहुतेक वेळा अशा बंद लाईनवरच्या रीडिंगमुळे.

मूळ नियम दोनच आहेत.

व्होल्टेज = करंट × रोध
पॉवर = व्होल्टेज × करंट

पहिला जर्मनीच्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली मांडला, म्हणून रोध ओहममध्ये मोजतात. पॉवर वॅटमध्ये, ७४६ वॅट म्हणजे एक एचपी. दोन्ही नियम एकत्र केले की आणखी दोन रूपं मिळतात: पॉवर = करंट × करंट × रोध, आणि पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध. नवखा माणूस इथेच अडखळतो. पहिल्या रूपात रोध वाढला की पॉवर वाढते, दुसऱ्यात रोध वाढला की कमी होते. मग खरं कुठलं? दोन्ही खरी आहेत. त्या जागी ठरलेलं काय आहे, करंट की व्होल्टेज, एवढं बघायचं. केबल, फ्यूज, जोड या गोष्टी मोटरीबरोबर एका ओळीत असतात. त्यांच्यातून किती करंट जायचा हे मुख्यतः मोटर ठरवते, म्हणून तिथे करंटचं रूप लावायचं आणि तिथे जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता. गीझरची कॉइल थेट फेज आणि न्यूट्रलमध्ये बसते, तिला व्होल्टेज ठरलेलं मिळतं. तिथे व्होल्टेजचं रूप, आणि कमी रोधाची कॉइल जास्त तापते.

आधी गीझरच घेऊ, कारण तो सरळ वागतो. पट्टीवर २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलंय. करंट २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. रोध २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम. उन्हाळ्यात संध्याकाळी घरात २०० व्होल्टच येत असतील तर कॉइलचा रोध तोच राहतो, करंट ७.६ अँपिअरवर येतो आणि पॉवर १५०० वॅटच्या आसपास. व्होल्टेज १३ टक्के उतरलं, पण उष्णता २४ टक्के घटली, कारण व्होल्टेज हिशोबात दोनदा येतं. पाणी तापायला वेळ लागतो त्याचं कारण हे. गीझर बिघडलेला नसतो.

घरी हाच हिशोब काहीही न उघडता पडताळता येतो. वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं. समजा ३२०० लिहिलंय. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावून लुकलुक मोजा. ६० सेकंदांत १०० झाले, तर तासाला ६०००. ६००० ÷ ३२०० = तासाला १.८७५ युनिट. एक युनिट म्हणजे १००० वॅट तासभर, म्हणून पॉवर १८७५ वॅट. त्याच वेळी व्होल्टेज २२२ असेल तर करंट १८७५ ÷ २२२ = ८.४५ अँपिअर आणि रोध २६.३ ओहम. पट्टीवरून काढलेल्या २६.४ ला हा आकडा अगदी लागून आहे, म्हणजे कॉइल ठीक आहे. मीटरवर १६०० छापलं असेल तर भागाकार १६०० ने करायचा. गीझर कट-ऑफ व्हायच्या आत मोजणी उरकायची, एवढंच.

इथे एक फसगत सांगायला हवी. गीझरची कॉइल नायक्रोमसारख्या मिश्रधातूची असते, तिचा रोध गरम झाल्यावर फार बदलत नाही, म्हणून प्लग काढून मल्टिमीटरने ओहम मोजले तरी आकडा जुळतो. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नाही. १०० वॅटच्या बल्बचा हिशोबाने रोध ५२९ ओहम येतो, पण थंड बल्ब मल्टिमीटरला लावला तर ४० च्या आसपास दाखवतो. मीटर बरोबर असतो, सूत्रही बरोबर असतं. टंगस्टनची तार पेटल्यावर तिचा रोध दहा-बारा पटींनी वाढतो. म्हणजे ओहमवर मोजलेला रोध हा बंद, थंड वस्तूचा रोध. चालू वस्तूचा रोध हवा असेल तर चालू व्होल्टेजला चालू करंटने भागावं लागतं.

मोजताना हात कुठे चुकतो

व्होल्टेज मोजताना मल्टिमीटरच्या दोन पिना दोन टोकांना लावायच्या, नॉब एसीवर आणि ७५० किंवा १००० च्या रेंजवर ठेवायचा. करंट मोजायला मल्टिमीटर लाईनीत घालण्याऐवजी टांग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर वापरावा. त्याचा जबडा एकाच तारेभोवती यायला हवा. पूर्ण केबल जबड्यात घेतली तर रीडिंग शून्य येतं, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र पुसून टाकतात. "मोटर चालू आहे आणि करंट दाखवत नाही" ही तक्रार जवळजवळ नेहमी यातूनच येते. थ्री फेजला तिन्ही तारा वेगवेगळ्या मोजून तीन आकडे लिहायचे.

सगळ्यात धोक्याची चूक वेगळीच आहे. आधी करंट मोजलेला असतो, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात तशीच राहते आणि त्याच पिना थेट दोन फेजांना लागतात. त्या भोकातून मीटरचा स्वतःचा रोध जवळपास शून्य असतो, म्हणजे हा सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर फ्यूजसुद्धा नसतो; मीटर हातात फुटतो. ४१५ व्होल्टवर काम करायला कॅट थ्री (CAT III, मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) छापलेलाच मीटर घ्यावा, आणि उघड्या टर्मिनलवरचं मोजमाप वायरमननेच करावं. आकडे त्याच्याकडून लिहून घेतले की पुढचा हिशोब कुणालाही जमतो.

केबलचा हिशोब

थ्री फेज मोटरीची पॉवर काढताना दोन गोष्टी वाढतात. एक १.७३२ हा गुणक, तीन फेजांमुळे येणारा. दुसरा पॉवर फॅक्टर: मोटरीच्या करंटचा काही भाग फक्त चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात फिरत राहतो, त्यातून काम होत नाही. भरलेल्या लोडवर पाच एचपीच्या मोटरीसाठी ०.८२ धरला तर फारसा चुकत नाही.

मोटरीची पॉवर = १.७३२ × ३७२ × ८.४ × ०.८२ = सुमारे ४४४० वॅट.

पाच एचपी म्हणजे शाफ्टवर ३७३० वॅट. ३७३० ÷ ४४४० म्हणजे ८४ टक्के कार्यक्षमता, अशा मोटरीला शोभणारा आकडा. म्हणजे मोटर निरोगी आहे आणि पंप तिच्यावर भलतं ओझं टाकत नाही.

आता केबल. दोन फेजांमधले ४१० आणि ३७२ यांतला फरक ३८ व्होल्ट. एका तारेच्या वाट्याला ३८ ÷ १.७३२ = २१.९. त्याला करंट आणि पॉवर फॅक्टरने भागायचं: २१.९ ÷ (८.४ × ०.८२) = ३.१८ ओहम.

हा आकडा चांगला की वाईट? त्यासाठी केबलचा मूळ रोध माहीत हवा. तांब्याच्या बारीक तारांच्या लवचिक केबलला २० अंश तापमानावर दर किलोमीटरला २.५ चौरस मिलिमीटरला ७.९८ ओहम, ४ ला ४.९५ आणि ६ ला ३.३० ओहम. आपल्याकडे २.५ ची केबल, लांबी ०.४ किलोमीटर: ७.९८ × ०.४ = ३.१९ ओहम. मोजून निघालेला ३.१८. मध्ये कुठेही खराब जोड नाही, केबल सांगितली तेवढीच जाड आहे. ती फक्त या कामाला बारीक आहे. उन्हात पडलेली केबल ३० अंशांनी तापली तर तांब्याचा रोध सुमारे १२ टक्के वाढतो, त्यामुळे मे महिन्यात मोजून ३.५ आले तरी घाबरायचं कारण नाही.

केबलमध्ये जळणारी पॉवर: ३ × ८.४ × ८.४ × ३.१९ = ६७५ वॅट. आठ तास लाईट राहिली तर पाच युनिटांहून जास्त वीज फक्त केबल तापवण्यात जाते. ४ ची केबल असती तर मोटरीपाशी सुमारे ३८७ व्होल्ट मिळाले असते आणि नुकसान ३८५ वॅटवर आलं असतं. ६ ला ३९५ व्होल्ट आणि २५० वॅट. पेटीपासून मोटरीपर्यंत पाच टक्क्यांहून जास्त व्होल्टेज पडू नये हा धरून चालायचा नियम. ४१० चे पाच टक्के म्हणजे साडेवीस व्होल्ट. ४ ची केबल त्याच्या किंचित बाहेर जाते, ६ ची आरामात आत बसते.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला सध्या बिल माफ आहे, मग जळेना का केबलमध्ये, असं वाटू शकतं. पण तोटा बिलाचा नाही, मोटरीचा आहे. गीझर आणि मोटर इथे उलट वागतात. गीझरला कमी व्होल्टेज मिळालं की तो कमी करंट घेतो आणि गप्प राहतो. पंपाला मात्र तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, त्यामुळे व्होल्टेज दहा टक्के उतरलं की मोटर करंट साधारण दहा टक्के वाढवते. वाइंडिंगची, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांची, उष्णता करंटच्या वर्गाने जाते: १.१ × १.१ = १.२१, म्हणजे २१ टक्के जास्त. ही जास्तीची उष्णता वाइंडिंगच्या वार्निशला रोज थोडं थोडं भाजते. पाणीपाळीच्या ऐन वेळी मोटर जळते तेव्हा खापर त्या दिवसाच्या लाईटवर फुटतं, पण जळण्याची सुरुवात केबल निवडली त्या दिवशीच झालेली असते.

सुरू होताना तर आणखी वाईट. थेट स्टार्टरवर मोटर सुरुवातीला चालू करंटच्या सहापटीपर्यंत ओढते. एवढा करंट चारशे मीटरच्या बारीक केबलमधून जाताना शंभराहून जास्त व्होल्ट वाटेतच संपतात आणि मोटरीला तीनशेच्या खाली मिळतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे तो जवळपास निम्म्यावर येतो. पंप गुरगुरतो, उचलत नाही, रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) पडतो. अशा वेळी रिलेचं सेटिंग वाढवून मोटर "चालू करून घेणं" हा वाइंडिंग जाळायचा खात्रीचा मार्ग आहे. रिले मोटरीच्या पट्टीवरच्या करंटइतकाच ठेवायचा.

कपॅसिटरबद्दल एक गैरसमज आहे. पेटीत स्टार्टरला कपॅसिटर लावला की डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) पेटीपर्यंतचा करंट कमी होतो, पेटीतलं व्होल्टेजही थोडं सुधारतं. पण पेटीपासून मोटरीपर्यंतच्या केबलचा पॉवर फॅक्टर तोच राहतो, त्यामुळे हे ३८ व्होल्ट तसेच पडत राहतात.

सिंगल फेजला हिशोब सोपा, पण लांबी दुप्पट धरायची, कारण फेज जाते आणि न्यूट्रल परत येतो. घरापासून ६० मीटरवरच्या गोठ्यात दोन एचपीची कडबाकुट्टी, साडेदहा अँपिअर, दीड चौरस मिलिमीटरची लवचिक वायर: १२० मीटरचा रोध १.६ ओहम, सुमारे १७५ वॅट वायरमध्ये. वायर हाताला गरम लागते ती म्हणून. इथे जास्त जाड वायर हवी.

जोडाचा रोध

समजा वरच्या हिशोबात एका फेजला ३.१८ ऐवजी ४.५ ओहम आले असते. जास्तीचे १.३ ओहम केबलभर पसरलेले नसतात, ते एखाद्या जोडात, किटकॅट फ्यूजच्या सैल जबड्यात किंवा स्टार्टरच्या जळक्या कॉन्टॅक्टवर एकवटलेले असतात. ८.४ × ८.४ × १.३ म्हणजे ९२ वॅट, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटवर कथील वितळवते. इन्सुलेशन काळं पडणं, टेप वितळून चिकट होणं, पेटीत जळका वास येणं, हे सगळं त्या ९२ वॅटचं काम. शिवाय एकाच फेजचं व्होल्टेज पडल्याने तिन्ही फेज असमान होतात, आणि व्होल्टेजमध्ये २ टक्के असमानता आली तर मोटरीच्या करंटमध्ये ती सहा ते दहापट होऊन दिसते. म्हणून टांग टेस्टरवर ८.४, ८.३, ८.५ आले तर निर्धास्त, ९.६, ८.१, ७.७ आले तर आधी जोड शोधायचे.

शोधायची रीत सोपी आहे. मोटर चालू असताना मीटरच्या दोन्ही पिना एकाच तारेवर, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे लावायच्या. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतात. अर्धा व्होल्ट दिसला की तो जोड पुन्हा करायचा: ०.५ ÷ ८.४ म्हणजे ०.०६ ओहम, आज फक्त चार वॅट, पण तापलेला जोड सैल होतो, सैल जोडाचा रोध वाढतो आणि तो आणखी तापतो. फ्यूजचं होल्डर, स्विचचे दोन टर्मिनल, स्टार्टरचा कॉन्टॅक्ट, सगळं असंच तपासता येतं. पक्कडीने पीळ देऊन केलेला तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचा जोड हा यातला पहिला संशयित. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, ओल मिळाली की दोन धातूंच्या सांध्यावर गंज धरतो आणि दाबाखाली अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सरकतं. तिथे बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेला जोडतुकडा, दाबून बसवायचा.

पूर ओसरल्यावर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काठावरच्या कित्येक मोटरी वर काढायच्या आतच पाण्याखाली गेल्या. बुडालेली मोटर धुऊन उन्हात ठेवली, मल्टिमीटरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात ओहम बघितले, काहीच दाखवत नाही म्हणून चालू केली आणि ती तिथेच गेली, असं होण्याचं कारण रोध मोजायच्या व्होल्टेजमध्ये आहे. मल्टिमीटर आतल्या बॅटरीच्या जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. ओलसर इन्सुलेशन तेवढ्याला दाद देत नाही, पण ४१५ व्होल्टला फुटतं.

इथे मेगर लागतो. तो ५०० व्होल्ट डीसी देतो आणि गळणारा करंट मोजतो. सूत्र तेच, व्होल्टेज भागिले करंट. अर्धा मिलिअँपिअर गळला तर ५०० ÷ ०.०००५ = १०,००,००० ओहम, म्हणजे १ मेगाओहम. यापेक्षा कमी दाखवणाऱ्या मोटरीला लाईट द्यायची नाही. चांगलं सुकं वाइंडिंग शेकडो मेगाओहम दाखवतं. मोजताना स्टार्टरकडून येणाऱ्या तिन्ही तारा सोडवायच्या, एक पिन वाइंडिंगच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीवर रंग खरवडून उघड्या लोखंडाला, आणि एक मिनिट मेगरचं व्होल्टेज चालू ठेवून मग आकडा वाचायचा. मोजून झाल्यावर टर्मिनल बॉडीला टेकवून साठलेला चार्ज काढायचा, नाहीतर हाताला झटका बसतो.

रिवायंडिंगवाल्याकडे भट्टीत ८०-९० अंशांवर सुकवायला ठेवलेल्या मोटरीचं रीडिंग आधी खाली जातं. २ मेगाओहम होतं ते ०.८ झालं म्हणून सुकवणं थांबवू नये. गरम इन्सुलेशनचा रोध थंडपेक्षा कमीच असतो. ओल निघत गेली की तो थांबतो आणि मग चढू लागतो. तासातासाने घेतलेली रीडिंग चढून एका जागी स्थिर झाली की भट्टी बंद करायची, मोटर थंड झाल्यावर पुन्हा मेगर लावायचा. आणि चिखलात राहिलेल्या केबलचंही मेगरिंग तेव्हाच, मोटरीकडचं टोक मोकळं ठेवून, तिन्ही तारा एकमेकींशी आणि जमिनीशी. पाणी शिरलेला जोड सुकवून उपयोग नाही, तेवढा तुकडा कापून टाकावा.